पहिल्याच मिनिटाला बाद

"मॅडम, धावता धावता शेंबूड आला तर तुम्ही काय करता? थांबता, की तसंच पुढं?"

सभागृह आधी गप्प झालं आणि मग एकदम फुटलं. पहिल्या रांगेत बसलेल्या मुख्याध्यापिकांनी मान वळवून पाहिलं, पण तोवर उल्का माइक शेजारच्या पोराच्या हातात कोंबून खाली बसली होती, चेहरा असा की जणू गणिताची शंका विचारली.

प्रश्न तिचा नव्हताच मुळी. तो मागच्या रांगेतल्या कस्तुरी आणि अक्षराचा. दोघींनी पैज लावली होती, की शाल-फेटा घालून सत्कार झालेल्या पाहुण्यांना, भर सभागृहात, उल्का असलं काही विचारणारच नाही. आता उल्काला 'विचारणारच नाही' म्हणणं म्हणजे फटाक्याला काडी लावायची आणि वर त्याला 'वाजू नको हं' म्हणून बजावायचं!

ही तीच मुलगी, जी दोन वर्षांपूर्वी नागपूरहून या शाळेत आली तेव्हा हजेरीला 'येस मिस'सुद्धा पुटपुटायची. कन्नड येत नव्हतं, इंग्रजी बोलायला गेलं की तळहात ओले व्हायचे, आणि डबा ती जिन्याखाली एकटी खायची. यंदा दहावीत तिला खो-खोच्या संघात घेतलं आणि जिभेचं कुलूप निघालं. आता ती कॅन्टीनवाल्या अण्णांशी 'स्वल्प चटणी जास्त' म्हणून हुज्जत घालायची, सुम्नेच, भांडायची मजा म्हणून. डब्याला तिच्याभोवती घोळका असायचा. आणि तो घोळका सगळाच्या सगळा खो-खोचा होता. संघ गेला की घोळका जाणार आणि जिना पुन्हा आपली वाट बघत असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पाहुण्या होत्या डॉक्टर श्यामला. छातीच्या डॉक्टर, आणि वर हौसेनं लांब लांब पळणाऱ्या. त्या मुळीच रागावल्या नाहीत.

"बाहीला पुसते," त्या म्हणाल्या. "सगळे पळणारे तेच करतात, फक्त कबूल कोणी करत नाही. चांगला प्रश्न आहे. आता माझा एक. धावून थांबल्यावर तुमच्यापैकी कुणाच्या छातीतून बारीक शिटीसारखा आवाज येतो? हात वर करा बघू."

मागून कुणीतरी तोंडात बोटं घालून कर्रकन शिटी मारली. झालं, पुन्हा खसखस. सगळ्यांत मोठ्यानं उल्का हसली. हसताना तिनं आपले दोन्ही हात मांड्यांखाली गच्च दाबून धरले होते.

कारण ती शिटी तिच्या छातीत होती.

नागपूरला कधी नव्हती. तिथल्या रणरणत्या उन्हात ती दिवसभर पोरांच्या मागं हुंदडायची. इथं आल्यावर पहिल्याच वर्षी सुरू झालं. रस्त्याकडेची झाडं गुलाबी-पिवळी फुलली की नाक गळायचं, मग खोकला, मग ते छातीवर कुणीतरी मांडी ठोकून बसल्यासारखं. आणि नागपूरच्या मावश्या फोनवर म्हणायच्या, "तुमचं काय बाप्पा, मज्जाच मज्जा! वर्षभर कूलर लावल्यासारखी हवा." अशा हवेत आपला जीव गुदमरतो हे सांगायचं तरी कुणाला? जेवायला बोलावलं आणि पाहुण्याला ताटच सोसेना, तसं ते वाटायचं.

खो-खोत बसून आक्रमण करताना तिला काही व्हायचं नाही. खो मिळाला की उठायचं, बाणासारखं सुटायचं, सूर मारून गडी टिपायचा, पुन्हा बसायचं. त्यात ती वाघीण. पण संरक्षणाला उतरलं की पळत राहावं लागे, आणि थोड्याच वेळात शिटी सुरू. म्हणून तिनं एक युक्ती काढली होती. पहिल्याच मिनिटाला ती मुद्दाम बाद व्हायची. कधी खांबाशी पाय घसरवायची, कधी चुकीच्या बाजूला वळून सरळ आक्रमकाच्या हातात जायची, आणि वर असं काही तोंड करायची की सगळ्या हसून लोळायच्या. हसण्याच्या त्या गडबडीत ती मैदानाबाहेर जाऊन पाठ फिरवून श्वास गोळा करायची. कुणाला पत्ता नाही.

घरी तर विचारूच नका. मारतहळ्ळीला आठव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली रिंग रोडची न संपणारी घरघर. शाळेतून ती यायची तेव्हा बाबांची, म्हणजे गिरीराजांची, कामाची वेळ सुरू झालेली असे. परदेशातल्या साहेबांशी बोलणं चालू, दार बंद. दारावर आईनं चिठ्ठीच लावली होती: 'आवाज नको'. आई कंपनीच्या कॅबमधून ट्रॅफिक कापत यायची ती दिवेलागण उलटून गेल्यावर. मधल्या वेळात ही शाळेतली धबडधबडी पोर घरात मांजरीच्या पावलांनी फिरायची, आणि खोकला आलाच तर बाथरूममध्ये जाऊन, नळ मोठा सोडून खोकायची.

मग उरायचा फोन. 'धाप लागणे उपाय' असं तिनं किती वेळा विचारलं असेल! फोन कधी थकायचा नाही. एक दाढीवाले बाबा म्हणाले दूध बंद करा. एक ताई म्हणाल्या रोज दूध-हळद प्या. कुठल्याशा पहिलवानानं सांगितलं की हा सगळा मनाचा कमकुवतपणा, पहाटे थंड पाण्यानं आंघोळ करून पळत सुटा. तिनं आंघोळ केली, पळालीसुद्धा, आणि वॉचमनच्या खुर्चीत जाऊन पडली. एका गोऱ्या बाईनं सांगितलं, तोंडाला चिकटपट्टी लावून झोपा, श्वास नाकावर येईल. उल्कानं तीही लावली. नाक चोंदलेलं होतं; जी काही घाबरगुंडी उडाली ती उडाली, आणि पट्टीबरोबर वरच्या ओठाची लवही निघून आली. प्रत्येकजण शपथेवर सांगायचा की मला गुण आला. येत असेलही. पण उल्काला काही येत नव्हता, आणि ती म्हणायची, माझंच काहीतरी चुकतंय.

सभागृह रिकामं झालं. मैत्रिणी पैज हरल्याचा वडा खायला कॅन्टीनकडं पळाल्या. "मी आले गं," म्हणून उल्का मागं राहिली. सत्कारात मिळालेली फळांची करंडी व्यासपीठावरच राहून गेली होती. ती उचलून ती पाहुण्यांच्या खोलीत गेली. निमित्त तर चांगलं होतं.

"मॅडम, तुमची करंडी."

"अरे, शेंबडाची मुलगी! ये. ठेव तिथं आणि एक संत्रं सोल."

उल्का ओशाळून हसली. आता निघावं, असं म्हणत ती तशीच उभी राहिली.

"एक सांग," डॉक्टर म्हणाल्या, "एवढ्या हॉलमध्ये हातांवर बसलेली तू एकटीच होतीस. का?"

झालं! जी लपवाछपवी आई-बाबांच्या, मैत्रिणींच्या, कुणाच्याच लक्षात आली नव्हती, ती या बाईनं व्यासपीठावरून हेरली होती. उल्काच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिचा तिलाच राग आला. तिनं भडाभडा सगळं सांगून टाकलं. शिटी, मुद्दाम बाद होणं, थंड पाणी, चिकटपट्टी. फोन उघडून साठवलेले व्हिडिओसुद्धा दाखवले. डॉक्टर ते शांतपणे बघत गेल्या. चिकटपट्टीला तेवढं त्यांनी कपाळावर हात मारला.

"हे सगळेच खोटं बोलतात असं नाही," त्या म्हणाल्या. "काही जण विकतायत, ते सोड. पण काहींना खरंच बरं वाटलं असेल. मला एवढंच सांग, यातल्या कितीजणांनी तुझी छाती ऐकली?"

"एकानंही नाही."

"मग त्यांचं औषध त्यांच्या छातीचं आहे. तुझ्या नाही. बरं, कुणी ऐकली होती कधी?"

उल्का संत्र्याची साल बोटांनी बारीक करत राहिली. "गेल्या वर्षी. घराजवळच्या दवाखान्यात. ते म्हणाले दमा असेल, तपासून घ्या. पंप पण लिहून दिला होता."

"मग?"

"मग आम्ही लिफ्टनं खाली आलो."

तेवढंच. त्या लिफ्टमध्ये आई आरशाकडं बघत होती, बाबा मजल्यांचे आकडे बघत होते. खाली उतरेपर्यंत 'दमा'ची 'ॲलर्जी' झाली होती आणि पंप आणायचाच नाही हे न बोलता ठरलं होतं. त्यानंतर तो शब्द घरात कुणी काढला नाही.

डॉक्टरांनी पिशवीतून स्टेथोस्कोप काढून तिच्या पाठीला लावली. "घे श्वास. सोड. पुन्हा." मग म्हणाल्या, "मी इथं संत्री खात तुला कुठलंही नाव चिकटवणार नाही. नळीत जोरात फुंकायची एक तपासणी असते, दुखत नाही. शनिवारी माझ्या जे. पी. नगरच्या दवाखान्यात ये. पण आई नाहीतर बाबा बरोबर हवेत, तू अजून लहान आहेस. घरी सध्या काय करतात?"

"आई धुरी देते. ओव्याची."

"धूर? शिटी वाजणाऱ्या छातीला धूर?" डॉक्टर पहिल्यांदाच जोरात बोलल्या. "तो आजपासून बंद. हे मात्र मी तपासायच्या आधी सांगते."

उल्का दारापर्यंत गेली आणि वळली. "मॅडम, पंपाची सवय लागते ना?"

"सवय श्वासाची असते गं. ती तुला जन्मल्यापासूनच लागलीय."

"आणि दमा असला तर खेळता येतं?"

"माझ्याकडं खेळणारे पुष्कळ येतात. जे सांगून खेळतात ते लवकर येतात. जे लपवून खेळतात, ते उशिरा. फार उशिरा."

दुपारी सराव होता. उल्काच्या डोक्यात 'धूर बंद' एवढंच घुमत होतं, आणि विचित्र म्हणजे त्याचं तिला वाईट वाटत होतं. संरक्षणाला उतरली, शिटीची पहिली कुणकुण लागली, आणि सवयीनं पाय आपोआप वाकडा पडला. बाद. पण आज तोंड वेडंवाकडं करायला ती विसरली, आणि म्हणून कुणी हसलं नाही.

खो-खोचे देवाप्पा सर कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभे राहिले. "एनम्मा इदु, काय हे? बसलीस की वाघ, पळालीस की मेंढी? मी काय आंधळा आहे? मुद्दाम बाद होतेस तू. शुक्रवारी मी संघातल्या पोरींची नावं लावणार. आळशी पोरी मला नकोत, कितीही छान सूर मारू देत."

"सर, ते..."

"ते काय?"

सगळा संघ बघत होता. उल्का पुटपुटली, "काही नाही सर. सरी, ठीक आहे."

पाण्याच्या नळाशी कस्तुरीनं तिला गाठलं. एरवी कस्तुरी तिच्या पाठीत गुद्दा घालून बोलायची, आज लांबूनच बोलली. "तुला सगळंच कॉमेडी वाटतं ना? आम्ही जीव काढून पळायचं आणि तू पडून लोकांना हसवायचं. हरलो तर तुला काय फरक पडतो?"

"अय्यो, तुझं आपलं..." उल्कानं विनोद करायला घेतला. तो अर्ध्यातच विझला. कस्तुरी निघून गेली. अक्षरा दोघींकडं बघत क्षणभर घुटमळली, आणि मग तीही कस्तुरीच्या मागं गेली.

शाळेच्या बसमध्ये त्या दिवशी उल्काच्या शेजारी तिचं दप्तर बसलं होतं. सिल्क बोर्डाच्या चौकात बस नेहमीसारखी रुतली, मागं पोरं गात होती. आळशी म्हणून संघातून जायचं, का आजारी म्हणून? हे किंवा ते, जिना काही चुकत नाही, असं तिला वाटलं. मग वाटलं, आळशी तर आपण नाही आहोत. निदान खोट्या कारणासाठी तरी जायचं नाही.

संध्याकाळी आई आली. पर्स टाकली, तोंड धुतलं, आणि चहाही न घेता धुपाटणं काढलं. नारळाच्या करवंटीचे निखारे, वर ओवा, लसणाची सालं. बाल्कनीचं दार उघडं ठेवायचं, कारण मागं एकदा छतावरचं धुराचं यंत्र कोकललं होतं आणि सगळा मजला चपला घालून जिन्यात उतरला होता. तेव्हापासून सोसायटीत त्यांचं नाव 'स्मोक आंटी'. आईला त्याची तमा नव्हती. तिच्या आईनं तिला धुरी दिली होती, तिनं उल्काला पाळण्यात असल्यापासून दिली. लेकरू खोकतंय म्हटल्यावर हात दुसरीकडं जाणार कसा?

"ये बस. कानाला बांध तो रुमाल. काय गं, चेहरा काहून असा उतरला?"

उल्का पाटावर बसली. आता आई मागं बसणार, एक हात तिच्या छातीवर ठेवणार, दुसऱ्यानं धूर हलके हलके तिच्याकडं सारणार. तेवढा वेळ आईचा फोन दुसऱ्या खोलीत असे. सबंध दिवसात तेवढाच वेळ. धुरानं छाती जास्तच आवळते हे उल्काला कधीचंच कळलं होतं. डॉक्टरांनी आज नवं काहीच सांगितलं नव्हतं. तरी ती रोज येऊन बसायची. खोकत खोकत बसायची.

पहिला लोट आला. उल्कानं हात पुढं करून धुपाटणं बाल्कनीत सरकवलं आणि दार लावून घेतलं.

"अवं, काय करून राहिली तू?"

"आई, धूर नको. तू बस ना पण. हात तसाच ठेव."

आईला काही समजेना, पण हात तिनं ठेवला. आणि हाताखाली ती शिटी होती. धुराच्या आणि खोकल्याच्या गोंधळात इतके दिवस जी नीट ऐकू आली नव्हती, ती आता तळहाताला लागत होती. आईनं दुसराही हात तिथं ठेवला.

मग उल्कानं सांगितलं. नळाचा आवाज कशासाठी असतो तेही सांगितलं. बोलता बोलता आवाज चढला. 'आवाज नको'ची चिठ्ठी असलेलं दार उघडलं आणि बाबा गळ्यात हेडफोन अडकवून बाहेर आले.

"उल्का, कॉल चालू आहे माझा. काय झालं?"

"बाबा, मला दमा असेल."

"ॲलर्जी आहे ती."

"तपासल्याशिवाय तुम्हाला कसं माहीत?"

"आणि तपासून काय? पंप देतील. पंप म्हणजे शेवट असतो बेटा. मी पाहिलंय." बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "बाळकाका पंपावरच गेला. नागपूरला, बर्डीवर, बसच्या रांगेत. मी पोचलो तेव्हा पंप त्याच्या मुठीत होता. सोडवावा लागला."

बाळकाकांचा फोटो घरात होता, गोष्ट नव्हती. ती आज पहिल्यांदा बाहेर आली. आईनं मान खाली घातली.

उल्का हळूच म्हणाली, "रांगेतल्या लोकांना माहीत होतं, त्यांना दमा आहे?"

"कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या मित्रांनासुद्धा नाही. लग्नाचं बघत होते त्याच्या, त्यानं कळूच दिलं नव्हतं. फारच झालं तर कुठं कोपऱ्यात जाऊन तो पंप ओढायचा. डॉक्टरकडं तर दोन-दोन वर्षं..." बाबा थांबले.

"म्हणजे बुडताना काकांच्या हातात दोर होता, आणि तुम्ही म्हणता दोरानं बुडवलं."

हेडफोनमधून कुणीतरी बारीक आवाजात 'गिरी, गिरी, आर यू देअर?' विचारत होतं. बाबांनी तो गळ्यातून काढला आणि टेबलावर पालथा ठेवला.

उल्का उठून उभी राहिली. छाती वाजत होती, ती लपवायला तिनं ना पाठ फिरवली, ना तोंड वेडंवाकडं केलं. दम खात, तुटक तुटक, पण शाळेतल्याच आवाजात ती म्हणाली,

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या सकाळी मी देवाप्पा सरांना सांगणार, सगळ्या संघासमोर, की मला बहुतेक दमा आहे, आणि म्हणून मी मुद्दाम बाद होत होते. त्यावर त्यांनी माझं नाव काढलं तर काढू देत, मैत्रिणी गेल्या तर जाऊ देत. आणि शनिवारी मी जे. पी. नगरला तपासणीला जाणार आहे. तिथं बरोबर मोठं माणूस लागतं. दोघांपैकी कोण येणार, ते तुम्ही ठरवा."